तीन शब्दांचं वाक्य, तरी कर्ता सापडत नाही

‘द ग्लास ब्रोक.’ फळ्यावर एवढंच वाक्य होतं. यातला कर्ता कोणता, असं विचारल्यावर शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. “मॅडम, यात कर्ता नाहीच. ग्लासनं काही केलंच नाही. त्याच्यावर आली बिचाऱ्यावर. म्हणून ग्लास कर्म.”

वर्ग हसला. मीही हसले, ‘चूक’ म्हणाले आणि पुढच्या वाक्याकडे वळले. घरी जाताना लक्षात आलं, की उत्तर चुकलं होतं, पण मुलाचा हिशेब अगदी चोख होता. ‘क्रिया करतो तो कर्ता आणि क्रिया ज्याच्यावर घडते ते कर्म’ हे मीच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. ग्लास फुटला. घडलं ते ग्लासवरच. दिलेलं सूत्र त्यानं प्रामाणिकपणे लावलं आणि तोंडावर पडला.

तेव्हापासून मी चुकलेल्या वह्या जरा वेगळ्या नजरेनं बघते. लांब वाक्यात शिकणारा माणूस सावध असतो, एकेक शब्द चाचपत जातो. दोन-तीन शब्दांच्या वाक्यात तो निर्धास्त असतो, आणि नेमकी तिथेच मराठीची सवय हात धरून नेते. चूक दुरुस्त करून दिली की आठ दिवस बरं असतं, मग तीच चूक परत. वारंवार येणाऱ्या अशा तक्रारी, त्यांचं मूळ आणि मला लागू पडलेले उपाय इथे लिहिते आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत आहेत, मोठ्यानं वाचा. फक्त अवतरणातले ‘मी’, ‘ही’, ‘शी’ आणि ‘दे’ हे इंग्रजी समजायचे, नाहीतर भलताच घोळ होईल.

मूळ दुखणं

पाणिनीची कर्त्याची व्याख्या आहे ‘स्वतंत्रः कर्ता’, म्हणजे क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. आणि क्रियेतून कर्त्याला जे सगळ्यात जास्त साधायचं आहे ते कर्म. दोन्ही व्याख्या अर्थावर उभ्या आहेत. मराठी व्याकरणानं हे शब्द त्या परंपरेतून घेतले. पुढे इंग्रजी शिकताना ‘सब्जेक्ट’ आणि ‘ऑब्जेक्ट’ समोर आले, तेव्हा त्यांनाही आपण कर्ता आणि कर्मच म्हणू लागलो. गफलत इथे झाली. इंग्रजीतला सब्जेक्ट ही एक जागा आहे, क्रियापदाच्या डावीकडची खुर्ची म्हणा हवं तर. तिच्यावर करणारा बसेल, सोसणारा बसेल, नुसता असणारा बसेल, कधीकधी तर कोणीच नसल्यासारखा एखादा पोकळ शब्दही बसेल. बसला तो सब्जेक्ट.

मराठीला खुर्ची लागत नाही. आपलं नाम स्वतःची ओळख खिशात घेऊन फिरतं. ‘मुलीनं मांजराला पाहिलं’, ‘मांजराला मुलीनं पाहिलं’, ‘पाहिलं मुलीनं मांजराला’: कसंही फिरवा, पाहणारी मुलगीच, कारण ‘नं’ आणि ‘ला’ शब्दाला चिकटलेले आहेत. इंग्रजीत ‘द गर्ल सॉ द कॅट’ आणि ‘द कॅट सॉ द गर्ल’ यांत शब्द तेच आहेत, एकही अक्षर बदललेलं नाही, पण पाहणारा बदलला. जुन्या इंग्रजीतही नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. साधारण 1100 ते 1500 या मधल्या काळात ते झिजत गेले आणि जसजसे झिजले तसतशी शब्दांची जागा पक्की होत गेली. जुन्या वैभवाचे अवशेष आता मुख्यतः सर्वनामांत उरलेत: ‘आय’चं ‘मी’, ‘ही’चं ‘हिम’, ‘शी’चं ‘हर’, ‘वुई’चं ‘अस’, ‘दे’चं ‘देम’. ‘यू’ आणि ‘इट’ मात्र दोन्हीकडे तसेच.

गंमत बघा, इंग्रजीतला ‘मी’ बहुतेक वेळा क्रियापदानंतर आणि आपला ‘मी’ नेहमी कर्त्याच्या जागी. एकच आवाज आणि कामं नेमकी उलटी. अगदी नवख्या माणसाच्या तोंडून ‘मी गो’ निघतं ते यामुळेच असावं, असं मला वाटतं.

म्हणून पहिला उपाय असा: ‘करणारा कोण?’ हा प्रश्न छोट्या इंग्रजी वाक्याला विचारायचाच नाही. आधी क्रियापद पकडायचं, मग त्याच्या डावीकडे कोण बसलंय ते बघायचं, आणि उजवीकडे सगळ्यात शेवटी जायचं.

क्रियापदच चुकीचं पकडलं जातं

‘आय वॉन्ट टू स्लीप’ यात क्रियापद कुठलं? दहातले बरेच जण ‘स्लीप’ म्हणतात. कारण साधं आहे, मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे डोळा आपोआप वाक्याच्या टोकाला जातो. ‘शी लाइक्स सिंगिंग’ यातही ‘सिंगिंग’वरच बोट ठेवलं जातं.

यावर काळ बदलून पाहण्याइतकं सोपं औषध दुसरं नाही. वाक्य कालचं करा. ‘आय वॉन्टेड टू स्लीप.’ हलला कोण? ‘वॉन्ट’. ‘स्लीप’ जागचं हललं नाही. ‘शी लाइक्ड सिंगिंग’ यात ‘लाइक’ हललं. जो हलतो तो क्रियापद. ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’, ‘शट’ असे काही हट्टी शब्द भूतकाळातही ढिम्म राहतात. त्यांच्यासाठी डावीकडे ‘शी’ बसवून बघा. ‘शी पुट्स’, ‘शी कट्स’ म्हणताना ज्याच्या शेपटीला ‘स’ लागतो, तो आपला माणूस.

दुसरी फसगत शब्दकोशामुळे होते. ‘वॉटर द प्लांट’ समोर आलं की ‘वॉटर’ म्हणजे पाणी, पाणी म्हणजे नाम, मग क्रियापद ‘प्लांट’ असणार, असा तर्क धावतो. इंग्रजीत शब्दाची जात त्याच्या जागेवरून ठरते. ‘प्लांट ट्रीज’ यात ‘प्लांट’ लावणं आहे, ‘वॉटर द प्लांट’ यात तेच रोप आहे. ‘हँड मी द की’ यात हात कुठेच नाही, देण्याचाच तेवढा अर्थ. आधी ‘द’ किंवा ‘अ’ असेल तर पुढे नाम येणार, ही खूण छोट्या वाक्यात फार कामाला येते.

आणि क्रियापदच नसलं तर? ‘आय कोल्ड’, ‘दिस माय ब्रदर’, ‘ही नॉट डॉक्टर’ ही वाक्यं मी इतक्या वेळा खोडली आहेत की आता पेन आपणहून चालतं. ‘हा माझा भाऊ’ हे मराठीत पुरं वाक्य आहे. ‘आहे’ म्हटलं नाही तरी कोणी अडत नाही. इंग्रजीत ‘इज’ गाळता येत नाही. हे बहुतेकांना कळतं, पण नकारात गाडी पुन्हा अडते. त्याचं कारण कळायला मला बराच काळ लागला. आपलं ‘नाही’ हेच क्रियापद आहे. ‘तू नाहीस, तो नाही, ते नाहीत’ असं ते चक्क चालतं. त्यामुळे ‘तो डॉक्टर नाही’ यात क्रियापदाचा कोटा भरल्यासारखा वाटतो आणि माणूस ‘नॉट’ला ‘नाही’ समजून ‘ही नॉट डॉक्टर’ लिहितो. ‘नॉट’ क्रियापद नाही. तो कुणाच्या तरी खांद्यावर बसूनच येतो: ‘इज नॉट’, ‘डू नॉट’, ‘कॅन नॉट’. ‘नॉट’ एकटा दिसला की त्याचा खांदा शोधायचा.

खुर्ची रिकामी दिसते

‘गो.’ ‘वेट.’ ‘स्टॉप.’ एका शब्दाची पूर्ण वाक्यं. इथे सब्जेक्ट कुठे गेला? ‘यू’ लपला आहे. नुसतं मी सांगते म्हणून मानू नका, पुरावा आहे. आज्ञा देताना ‘हेल्प युअरसेल्फ’ म्हणतात, ‘हेल्प हिमसेल्फ’ म्हणत नाहीत. ‘युअरसेल्फ’ हा ‘यू’चाच आरसा, तेव्हा ‘यू’ आसपास आहेच. खुर्ची रिकामी ठेवायची ही एवढीच मोठी मुभा. मित्राला घाईत संदेश पाठवताना ‘कमिंग’ लिहिलंत तर चालतं, पण ते घाईचं वाक्य, वहीतलं नव्हे.

बाकी सगळीकडे खुर्ची भरावीच लागते. मराठीला ही सक्ती नाही. ‘उजाडलं.’ ‘सांजावलं.’ ‘मळमळतंय.’ या वाक्यांत कर्ता शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. आपलं व्याकरण क्रियेचा भाव हाच कर्ता मानून त्याला भावकर्तरी प्रयोग म्हणतं आणि पुढे जातं. इंग्रजीला एवढा मोकळेपणा सोसत नाही. उशीर झाला तरी ‘इट इज लेट’, पाऊस आला तरी ‘इट रेन्ड’. हे ‘इट’ म्हणजे काय, असं विचारलं तर उत्तर एकच, काही नाही. खुर्ची उघडी राहू नये म्हणून टाकलेला रुमाल. ‘इज लेट’, ‘इज रेनिंग’ अशी वाक्यं वहीत आली की मी समासात फक्त ‘रुमाल’ लिहिते.

‘देअर’चीही तीच गत, थोड्या वेगळ्या तऱ्हेनं. ‘देअर इज टाइम’, ‘देअर आर टू कीज.’ खुर्चीवर ‘देअर’ बसलंय, पण ‘इज’ की ‘आर’ हे मागे उभा असलेला शब्द ठरवतो. खुर्चीचा नियम वाकतो तो हा एक कोपरा. वाकतो म्हणून लपवण्यात अर्थ नाही.

‘मला’ची भानगड

सगळ्यात जास्त लाल शाई इथे खर्च होते, म्हणून जरा थांबून बोलू.

मला आवडतं. मला माहीत आहे. मला आठवतं. मला हवंय. मला भूक लागली. मला ताप आला. मला बहीण आहे. मला तो भेटला. आपण मनातलं, शरीरातलं, नात्यातलं काहीही सांगायचं झालं की ‘मला’नं सुरुवात करतो. जणू या गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याकडे येतात. आवड येते, आठवण येते, ताप येतो. (‘राग आला’ आणि ‘झोप आली’ हेही याच घरातले.) मग शिकणारा ‘मला’ म्हणजे ‘टू मी’ किंवा ‘मी’ असं धरून ‘मी लाइक’ किंवा ‘टू मी फीव्हर’ लिहितो. थोडा पुढे गेलेला आणखी अवघड चूक करतो. त्याला कळलेलं असतं की आवडणारी वस्तू हा मराठीतला कर्ता आहे, म्हणून तो तिला खुर्चीवर बसवतो: ‘म्युझिक लाइक्स मी.’ व्याकरण शुद्ध. अर्थ असा की संगीताला मी आवडते. छान वाटतं ऐकायला, पण म्हणायचं ते नव्हतं.

इंग्रजीत असा अनुभव घेणाऱ्यालाच खुर्चीवर बसवतात. आय लाइक इट. आय नो. आय रिमेंबर. आय ॲम हंग्री. आय हॅव अ फीव्हर. आय हॅव अ सिस्टर. आय मेट हिम.

विशेष म्हणजे इंग्रजी कायम अशी नव्हती. जुन्या इंग्रजीतलं ‘लाइक’ आपल्या ‘रुचणे’सारखं चालायचं, वस्तू कर्त्याच्या जागी आणि माणूस चतुर्थीत. ‘मीथिंक्स’ हा जुना शब्द अजून कधीकधी वाचनात येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘मला वाटतं’, आणि त्यातला ‘मी’ म्हणजे ‘मला’च. नामांचे प्रत्यय गेले, जागेला महत्त्व आलं आणि वाक्यात पहिला उभा असलेला माणूस हळूहळू सब्जेक्ट समजला जाऊ लागला. तेव्हा ‘मी लाइक’ लिहिणारा विद्यार्थी चूक करतो हे खरं, पण ती चूक काही शतकं उशिरा आलेली आहे.

मग प्रत्येक ‘मला’चं ‘आय’ करायचं का? नाही. ‘तिनं मला पाहिलं’ याचं ‘शी सॉ मी’च होतं. फरक ओळखायची माझी रीत अशी. वाक्यात दुसरं कुणी माझ्याशी काही करतंय का? करत असेल तर तो खुर्चीवर आणि मी उजवीकडे. कुणीच काही करत नाही, माझ्याच आत किंवा माझ्या बाबतीत काही झालंय, तर ‘मला’ खुर्चीवर, म्हणजे ‘आय’. ‘त्यानं मला हसवलं’: तो खुर्चीवर. ‘मला हसू आलं’: ‘आय लाफ्ड’. दहा वाक्यांत नऊ वेळा हे जमतं. उरलेल्या एका वेळी ‘इट हर्ट्स’ किंवा ‘इट मॅटर्स टू मी’सारखं काहीतरी भेटतं. ती तशीच लक्षात ठेवायची.

कर्म गायब

“पुस्तक आणलंस का?” “आणलं.” मराठीत संवाद संपला. इंग्रजीत तोच विद्यार्थी ‘आय ब्रॉट’ म्हणून थांबतो आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. ‘आय लाइक्ड’, ‘आय वॉन्ट’, ‘आय मेड’ ही याच कुळातली अर्धी वाक्यं.

‘कर्म गाळू नका’ असं सांगून हे सुटत नाही, मी पुष्कळ वर्षं सांगून पाहिलं. कारण मराठी बोलताना आपण कर्म गाळलंय असं आपल्याला वाटतच नाही. ‘आणली’ म्हटलं की वही आली, ‘आणला’ म्हटलं की डबा आला, ‘आणली’चं ‘आणल्या’ केलं की वह्या एकाहून जास्त झाल्या. कर्मणी प्रयोगात क्रियापदच कर्माचं लिंग आणि वचन घेऊन येतं. कर्म शब्दानं दिसलं नाही तरी त्याची सावली क्रियापदावर पडलेली असते. ‘ब्रॉट’वर कसलीच सावली नाही. पेन आणा, वह्या आणा, तो शब्द ‘ब्रॉट’च. म्हणून सावलीच्या ऐवजी ‘इट’ किंवा ‘देम’ ठेवावं लागतं: ‘आय ब्रॉट इट’, ‘आय ब्रॉट देम’. हे एकदा असं फोडून सांगितल्यावर वर्गातल्या अर्ध्या चुका गेल्या. उरलेल्या अर्ध्या सवयीच्या होत्या, त्या सवयीनंच जातील.

सगळ्या क्रियापदांना कर्म लागतंच असं नाही. ‘ईट’, ‘डिव्हाउअर’ आणि ‘डाइन’ तिघांचाही अर्थ खाण्या-जेवण्याचा, पण ‘वुई एट’ चालतं आणि ‘वुई एट इट’ही चालतं. ‘डिव्हाउअर’ला कर्म हवंच, ते काय फस्त केलं हे सांगितल्याशिवाय ऐकत नाही. ‘डाइन’ला कर्म खपत नाही. अर्थावरून हे ठरत नाही, त्यामुळे नवं क्रियापद शिकताना ते एकटं पाठ करू नका. ‘लाइक इट’, ‘ब्रिंग इट’, ‘वॉन्ट इट’ अशी जोडीच पाठ करा. ‘पुट’ तर एवढ्यावरही भागत नाही, त्याला वस्तूही लागते आणि जागाही: ‘पुट इट देअर’.

कर्म गाळल्यावर अर्थ अरुंद होतो असाही एक नमुना आहे. ‘ही ड्रिंक्स.’ काय पितो? पाणी नव्हे. मराठीतही ‘तो पितो’ म्हटल्यावर कुणी ‘काय’ विचारत नाही. निदान इथे तरी दोन्ही भाषांचं एकमत आहे.

दिसतं कर्म, असतं भलतंच

क्रियापदाच्या उजवीकडे जे दिसेल ते कर्म, हा उतावळेपणा. ‘शी मेट अ सिंगर’ आणि ‘शी बिकेम अ सिंगर’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा आणि विचारा, माणसं किती? पहिल्यात दोन, दुसऱ्यात एक. दोन असतील तर उजवीकडचं कर्म. एकच असेल तर ते विधानपूरक, खुर्चीवरच्याचंच वर्णन. ‘शी इज अ डॉक्टर’ यातला डॉक्टर कर्म नाही ते यामुळे. माणसं मोजण्याची ही युक्ती ‘शी हर्ट हरसेल्फ’ यात फसते, तिथे बाई एकच पण ‘हरसेल्फ’ कर्म आहे. शब्दात ‘सेल्फ’ दिसलं की मोजणी सोडून द्यायची.

1877 च्या सुमारास अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या अमेरिकन शिक्षकांनी वाक्याचं चित्र काढायची एक पद्धत रूढ केली. एक आडवी रेघ. सब्जेक्ट आणि क्रियापद यांच्यामध्ये आडवी रेघ कापून खाली जाणारी उभी रेघ. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये रेघेवरच थांबणारी छोटी उभी रेघ. आणि पूरक असेल तर ती छोटी रेघ मागे, सब्जेक्टकडे कललेली. मला ती कललेली रेघ फार आवडते. ‘डॉक्टर’ हा शब्द ‘शी’कडे बोट दाखवतोय हे न बोलता दिसतं. वहीच्या समासात करून बघा, व्याख्येपेक्षा लवकर डोक्यात बसतं.

आणखी एक जोडी: ‘शी लेफ्ट होम’, ‘शी वेंट होम’. दोन्हीकडे ‘होम’. पहिल्यात तिनं घर सोडलं, घर कर्म. दुसऱ्यात ती घरी गेली, ‘घरी’ म्हणजे कुठे. खात्री करायची असेल तर ‘होम’च्या जागी ‘इट’ ठेवा. ‘शी लेफ्ट इट’ उभं राहतं, ‘शी वेंट इट’ कोसळतं. ‘ही स्लेप्ट वेल’, ‘दे केम येस्टरडे’, ‘सिट डाऊन’ या सगळ्यांना हीच चाचणी लावा, सगळी कोसळतील. म्हणजे उजवीकडे शब्द आहे, पण कर्म नाही.

‘ला’ दिसला की ‘टू’ घालायची खोडही याच रांगेतली, पण ती थोडक्यात आटपते, कारण पाठांतराशिवाय इलाज नाही. त्याला विचार: ‘आस्क हिम’, मध्ये ‘टू’ नको. मला सांग: ‘टेल मी’. पण ‘से’ असेल तर ‘से इट टू मी’. माझं ऐक: ‘लिसन टू मी’. माझ्यासाठी थांब: ‘वेट फॉर मी’. त्याबद्दल चर्चा करू, पण ‘डिस्कस इट’, ‘अबाउट’ नको. तिच्याशी लग्न केलं, पण ‘ही मॅरीड हर’, ‘विथ’ नको. आणि देण्याबद्दल बोलायचं असेल तर माणूस आधी, वस्तू नंतर: ‘गिव्ह मी द की’. वस्तू आधी आणली तर मात्र ‘टू’ लागतो: ‘गिव्ह द की टू मी’.

‘हू’चा चकवा

‘हू कॉल्ड यू?’ आणि ‘हू डिड यू कॉल?’ मराठीत ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ असे दोन वेगळे शब्द असल्यामुळे आपल्याला कधी प्रश्न पडत नाही. इंग्रजीत ‘हूम’ हा शब्द आहे, पण बोलण्यातून तो जवळपास उठलाय, आणि ‘हू’ दोन्हीकडे धावतो. ओळखायचं ‘डिड’वरून. ‘डिड’ आहे आणि त्याच्यामागे ‘यू’ आहे, म्हणजे खुर्ची ‘यू’नं घेतली, ‘हू’ हा कर्माचा माणूस पुढे येऊन उभा राहिलाय: तू कोणाला फोन केलास? ‘डिड’ नाही, म्हणजे खुर्चीवर ‘हू’ स्वतःच आहे: तुला कोणी फोन केला? म्हणून कोणी हे केलं असं विचारताना ‘हू डिड ब्रेक इट?’ लिहू नये, ‘हू ब्रोक इट?’ पुरतं.

पुन्हा तो ग्लास

त्या मुलाचं उत्तर द्यायचं राहिलंच. मराठीत फुटणं वेगळं, फोडणं वेगळं. पडणं-पाडणं, जळणं-जाळणं, तुटणं-तोडणं, मरणं-मारणं, सुटणं-सोडणं. आपण क्रियापदाचा स्वर ताणतो आणि करणाऱ्याला आत घेतो. ‘उघडणे’सारखी थोडीच क्रियापदं दोन्हीकडे तीच चालतात: दार उघडलं, तिनं दार उघडलं. इंग्रजीत अशा जोड्या मोजक्या उरल्या आहेत. ‘राइज’ म्हणजे वर येणं आणि ‘रेझ’ म्हणजे वर उचलणं, ‘लाय’ म्हणजे पडून राहणं आणि ‘ले’ म्हणजे ठेवणं. त्यातही ‘लाय’चा भूतकाळ पुन्हा ‘ले’च, त्यामुळे जन्मानं इंग्रजी बोलणारेही तिथे सर्रास घसरतात. बाकी बहुतेक ठिकाणी क्रियापद एकच. ‘द ग्लास ब्रोक’ म्हणजे फुटला, ‘शी ब्रोक द ग्लास’ म्हणजे फोडला. फुटला की फोडला हे ‘ब्रोक’कडे बघून कळायचं नाही. उजवीकडे काही आहे का ते बघायचं. आहे, तर फोडला आणि ग्लास कर्म. नाही, तर फुटला, आणि ग्लास खुर्चीवर.

हे सगळं त्याला सांगितल्यावर त्याचं समाधान झालं असं वाटलं. पुढच्या आठवड्यात तो एक वाक्य घेऊन आला: ‘दिस बुक सेल्स वेल.’

“मॅडम, पुस्तक विकतं?”

“उजवीकडे काय आहे?”

“वेल. ते कर्म नाही. इट ठेवून बघितलं, कोसळतं.”

“डावीकडे?”

“बुक.” मग जरा थांबून म्हणाला, “म्हणजे दुकानदार कुठेच नाही.”

“कुठेच नाही.”

त्यानं ‘बुक’खाली रेघ मारली, समासात ‘खुर्ची’ लिहिलं आणि त्यापुढे एक छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं. ते मी खोडलं नाही.